चाळीस अक्षरं

मी भिका. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत शिपाई आहे. गाव हरसूलकडचं. बासष्टाव्या वर्षी मला वाचायला शिकवलं ते कंपनीत प्रोग्रॅमर असलेल्या संध्याताईंनी. रोज जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा अर्धा ठेवून. इंग्रजी अक्षरं तर कीबोर्डवरच शिकवली. आता मी पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचतो. त्यांचे उपकार मोठे आहेत.

गेल्या मंगळवारी ताई अडचणीत होत्या. त्यांच्या ॲपमध्ये दवाखान्यांची कागदपत्रं कुलूपबंद होतात. त्या कुलपाची किल्ली म्हणजे संगणकाने बनवलेली अक्षरांची रांग. दर वेळी नवी, कशाशीच मेळ नसलेली. पण सकाळपासून अकरा वेळा तीच किल्ली निघाली होती. संगणक बदलले, तरी तीच. चारला तपासणी होती. "नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस," असं मॅनेजर मनोजसाहेब त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले होते.

साडेतीनला ताईंनी जागेवरूनच हाक मारली. "बाबा, कोपऱ्यातल्या संगणकावर बसा. मनाला येतील ती बटणं दाबा. त्यातून किल्ली बनवून बघते."

"भिकाबाबा इंजिनियर झाले!" मनोजसाहेब हसले. "मग चहा कोण करणार?"

"तुम्ही करा साहेब. साखर डावीकडच्या डब्यात हाय."

मी बटणं दाबू लागलो. शेतात नागलीची रोपं लावताना चालतात तसे हात आपोआप चालले. वर पंखा फिरत होता, पण टेबलाशी हवा हलत नव्हती. पडद्याची काच विहिरीतल्या दगडासारखी गार होती.

"नवी आली!" ताई ओरडल्या. "आता तुमच्या पडद्यावर त्या किल्लीची खूण आली असेल ती वाचा, मी माझ्याकडे ताडून बघते. चाळीस अक्षरं."

मी काचेवर बोट ठेवून एकेक वाचलं. हिरवी, बारीक, स्वच्छ अक्षरं. चष्माही लागला नाही. प्रत्येक अक्षराला ताई "बरोबर" म्हणत होत्या. शेवटच्या "बरोबर"ला त्या खुर्चीतून उठल्याच.

तपासणी पार पडली. मनोजसाहेबांनी पेढे मागवले. ताई पहिला पेढा घेऊन माझ्याकडे आल्या.

"बाबा, तुमच्यामुळे आज..."

त्या थांबल्या. वाकून त्यांनी पडद्याच्या मागे पाहिलं.

"याला वायरच नाही."

मी काचेकडे पाहिलं.

"हा पडदा बंद आहे, बाबा. तुम्ही वाचलंत कुठून?"

हिरवी अक्षरं मला तिथंच दिसत होती.

"आता दिसतंय काही?"

चाळीस अक्षरांखाली नवी ओळ उमटत होती. ही मराठीत होती. आधी "कै." आलं. मग ताईंचं नाव येऊ लागलं.

मी उठलो आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"नाय ताई," मी म्हटलं, "कायच नाय. द्या तो पेढा."