पलीकडची सुई

वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शनाला मोठी गोधडी हवी होती. मी शिवणकाम करते, म्हणून काम माझ्याकडे आलं. गल्लीतल्या घराघरांतून जुने कपडे मागून आणले, तुकडे जोडले. गोधडी एवढी वाढली की जमिनीवर मावेना. शेवटी पुढच्या खोलीत ती दोरीवर पडद्यासारखी टांगली. मी अलीकडे बसायचे, धाकटी नणंद पलीकडे. मी सुई आरपार घालायची, तिनं ओढून परत पाठवायची.

नणंदेला आम्ही चिमणी म्हणतो. नवरा गेल्यापासून मात्र तिची चिवचिव बंद झाली होती. हाताला काम लागलं तर मन रमेल, म्हणून मीच तिला बसवलं. आणि काय हात चालायचा! सुई गेली रे गेली की परत. बोलणं मात्र नाही. म्हटलं, असू दे, सावरतेय पोरगी.

त्या दुपारी वारा पडला होता. खोलीभर जुन्या कापडांचा, डांबरगोळ्यांचा वास. सुई इतक्या घाईनं येत होती की माझी बोटं दुखायला लागली.

"जरा दमानं गं," मी म्हटलं.

दोऱ्याला नुसता हिसका बसला.

"चिमणे, चहा टाकू का?"

"टाका की."

आवाज माझ्या पाठीमागून आला. पुढच्या दारात चिमणी चपला काढत होती. घामेजलेली, पायांवर धूळ.

आणि माझ्यासमोरच्या कापडातून सुईचं टोक हळूच बाहेर आलं.

"तू... बाहेर कशी?"

"मी रोजच मागच्या दारानं जाते, वहिनी. घरात जीव थाऱ्यावर राहत नाही. नुसती फिरते..." ती ओशाळली. "त्या बाई असतात ना तुमच्या मदतीला. तुम्हीच बोलावलंत ना त्यांना?"

"कुठल्या बाई?"

"पलीकडे बसतात त्या... पाठमोऱ्या. कधी वळून बघत नाहीत."

मी तिचा हात घट्ट धरला. गोधडीची कड उचलली. पलीकडे कुणी नव्हतं. पाट रिकामा होता. हात लावला, तर उबदार.

सुई तशीच अर्धवट लोंबत होती. दोरा कापायचाही धीर झाला नाही. मी फक्त पलीकडून सुई ओढून काढली, दोरा मागच्या बाजूला तसाच सुटा सोडला, गोधडी गुंडाळली आणि वाचनालयानं पाठवलेल्या टेम्पोवाल्याच्या हवाली केली. चिमणी माझ्या कुशीत शिरली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मीही रडले. भीतीनं की कशानं, कोण जाणे.

प्रदर्शनात गोधडी हॉलच्या मधोमध टांगली होती. लोक मागच्या बाजूचे बारीक टाके बघून तोंडात बोटं घालत होते. "हा हात कुणाचा?" सगळे विचारत होते. चिमणी माझा पदर सोडत नव्हती.

गर्दी ओसरल्यावर, सुटा राहिलेला दोरा गाठ मारून टाकावा म्हणून मी मागे गेले.

गाठ मारलेली होती. दोरा दातांनी तोडलेला होता.

टोक अजून ओलं होतं.