नानांची अगरबत्ती

बस रे, लाइट येईपर्यंत कंदील आहे. तुझ्या आजीने अगरबत्ती लावली, त्या वासाने आठवलं म्हणून सांगतो.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. तापीकाठच्या साखर कारखान्यात मी फिटर होतो. उसाचा रस आटवायची भलीमोठी बंद कढई असते, तिला पॅन म्हणतात. तिच्यातली हवा पंपाने ओढून घ्यायची. बारीक फट राहिली तर बाहेरची हवा आत घुसते आणि साखर काही बनत नाही. ती फट आमचे जुने फिटर अभिमननाना अगरबत्तीने शोधायचे. धूर जिथे आत ओढला जाई तिथे डब्यातल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा ओला घास दाबायचे, त्यात अगरबत्ती खोचायचे आणि फट इथे आहे म्हणून ओरडायचे, "आठे शे रे!" मी चिडवायचो, "नाना, फट सापडनी का देव पावना?" मिशीतल्या मिशीत हसायचे. हातात पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं. फार गोड दिवस होते ते.

त्या उन्हाळ्यात नाना खोकल्याच्या दुखण्याने गेले. बाप गेल्यासारखा रडलो मी.

दिवाळीनंतर गाळपाआधीची चाचणी आली. पॅनमधली हवा पुरती निघेना. बाहेरचे सांधे तपासले, धूर सरळ वर. म्हणजे फट रस तापवणाऱ्या आतल्या नळ्यांत. पंप बंद करून झाकण उघडलं. भर दुपार होती. पॅनमन तोताराम शेजारी उभा होता. मी आत पाय टाकणार, तोच हातातल्या अगरबत्तीचा धूर आत ओढला गेला. थांबला. मग माझ्या तोंडावर आला. पुन्हा आत... पुन्हा तोंडावर. कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

"तोताराम... पंप चालू शे का?"

"बठ्ठं बंद शे, भाऊ." मी आत उतरू नये म्हणून त्याने माझा दंड धरला. "मझार नको जाऊ..."

तेवढ्यात आतून लवंगेचा वास आला. नाना खोकल्यासाठी दिवसभर लवंग चघळायचे. मी पाय मागे घेतला.

त्याच क्षणी पॅन धुवायच्या वाफेचा व्हॉल्व्ह तुटला आणि झाकणातून वाफेचा लोट उसळला. उतरलो असतो तर शिजूनच निघालो असतो.

संध्याकाळी पॅन निवल्यावर आत बॅटरी मारली. एका नळीच्या तोंडाशी भाकरीचा घास दाबलेला होता आणि त्यात अगरबत्ती खोचलेली. फट तिथेच निघाली.

सगळा पॅन वाफेने चिंब होता. अगरबत्तीचं टोक मात्र अजून लाल होतं.