राहून गेलेली हाक

एका वर्षात दोन बिऱ्हाडं हलवायची हौस कोणाला असते? आम्हाला तरी नव्हती. पण भाड्याच्या घरातून आम्ही नवीन पनवेलला सातव्या मजल्यावर राहायला गेलो आणि खोकी उघडून होतायत न होतायत तोच खाडीकडचं माझं सासरचं गाव प्रकल्पात उठलं. सासूसासऱ्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. माझ्या मैत्रिणींनी हळहळ व्यक्त केली, मला मात्र खरंच आनंद झाला. सासूबाई भामा, त्यांनी मला कधी सून म्हणून राबवलं नाही. आणि सासरे आनंदा, मिठागरात जन्म काढलेला माणूस, बोलायचे कमी, पण मी कामावरून दमून आले की स्वतः उठून माझ्यासाठी चहा टाकायचे. असा सासरा किती जणींना मिळतो? मला ते दोघं जवळ हवे होते.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांची हाडं बघते. भुताखेताच्या गोष्टी रंगवणाऱ्याला मी तोंडावर विचारते, फोटो आहे का? हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला वेड्यात काढायला नको.

घर कायमचं सोडताना आमच्या सासरी एक रीत पाळतात. सामान निघालं की घरातली थोरली बाई उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि आत तोंड करून एकेकाला नावाने हाक मारते. ज्याचं नाव येईल त्याने ‘आलो’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. मागे वळून बघायचं नाही. त्या दिवशी आम्ही रिकाम्या घरात उभे होतो आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दीपेशला हाक मारली, मग ‘पूर्वी’ अशी मला. दीपेश म्हणजे माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. आम्ही ‘आलो’ म्हणत बाहेर आलो. आत बाबा एकटे राहिले आणि आई गप्प झाल्या.

नवऱ्याला नावाने हाक त्यांनी उभ्या जन्मात मारली नव्हती. त्यांच्या सासूबाई असत्या तर त्यांनी मारली असती, पण वडीलधारं आता कोणी उरलं नव्हतं. मुलगा बापाचं नाव घेणार नाही आणि सून तर नाहीच नाही. आईंनी पदर सावरला आणि नुसतंच म्हणाल्या, चला ओ. बाबा थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आले बाहेर. मला तर हसू आलं होतं.

फ्लॅटवर आल्यापासून बाबा सोफ्याच्या एका टोकाला बसून असायचे. घर सुटलेल्या माणसाचं असं होतंच, असं जो तो म्हणाला. वाढलं की जेवायचे, विचारलं की उत्तर द्यायचे. पण भाकरी वाढायला गेलं की ‘नको, पुरे झालं’ म्हणून हात आडवा धरायचे, अगदी पाहुण्यासारखे. आंघोळीला जायच्या आधी मला विचारायचे, जाऊ का? चहा टाकणं तर दूरच, स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा ठेवत नसत.

एकदा बाल्कनीत उभं राहून त्यांनी कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा कुठला डोंगर. जन्मभर मिठागरात मान वर केली की तोच डोंगर बघत आलेला माणूस! दीपेश म्हणाला, या वयात विसरायला होतं. मलाही ते पटलं. चांगला डॉक्टर शोधायचं आम्ही ठरवलं.

आई मात्र बाबांच्या शेजारी बसत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपलं अंथरूण माझ्या शिवणयंत्राच्या खोलीत नेलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या की बाबांच्या अंगाला मिठाचा वास येत नाही. मी म्हटलं, आई, आता मीठ कुठून येणार?

मग एका रविवारी बळीरामचा फोन आला. बळीराम आमचा गावातला शेजारी, त्याचं घर अजून उठायचं होतं. आधी इकडचं तिकडचं बोलला आणि मग चाचरत म्हणाला, “वयनी, काकांना असं एकट्यांना धाडत नका जाऊ. रोज दुपारचे तुमच्या घरात येऊन बसतात. मी इचारतो तर बोलत नाय. कोनाची तरी वाट बगतात.”

फोन कानाला लावूनच मी सोफ्याकडे बघितलं. बाबा तिथे बसून आपली नखं न्याहाळत होते.

बळीरामला उन्हाने भोवळ येत असेल, असं म्हणून दीपेशने विषय झटकला. मी पण झटकला असता. पण त्याच सुमारास बाबांना खोकला झाला आणि छातीचा एक्स-रे काढायला मी त्यांना आमच्या सेंटरवर घेऊन गेले.

तरुणपणी मिठागराच्या बांधावरून पडून बाबांचं उजव्या खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं होतं. गावच्या हाडवैद्याने बांधलं ते वाकडं जुळलं. शर्टावरूनही गाठ दिसायची. मागे एकदा मीच त्याची फिल्म काढली होती. आता स्क्रीनवर ते हाड सरळ होतं. कुठे मोडल्याची खूण नाही. मी पेशंटचं नाव तपासलं, डावं-उजवं तपासलं, पुन्हा एक्स-रे काढायला घेतला. म्हटलं, बाबा, श्वास भरून धरून ठेवा. त्यांनी धरला. फिल्म आली, तीही तशीच. मी जुनी फिल्म शोधून शेजारी लावली आणि बघत बसले. ‘सोडा’ म्हणायचं विसरूनच गेले.

भानावर आले तेव्हा बराच वेळ झाला होता. बाबा प्लेटला छाती टेकवून उभे होते. श्वास अजून सोडला नव्हता.

घरी आले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून मी आईंना सगळं सांगितलं. आईंना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मी त्यांना तितंच ठेवून आले, पूर्वी. हाकच मारली नाय.”

मी म्हटलं, मग जाऊन मारा. घर अजून उभं आहे. लग्नात, पूजेला उखाण्यात नाव घेतच होतात की! त्या म्हणाल्या, उखाणा लोकांसाठी असतो, हाक माणसाला मारायची असते. आणि पन्नास वर्षं गिळलेलं नाव असं तोंडातून बाहेर येतं का? मी चिडले. लाज धरून बसाल आणि जेसीबी येऊन जाईल, असं फाडकन बोलले. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

दुसऱ्या दिवशी दीपेश कामावर गेल्यावर बाबांना सोफ्यावर ठेवून आम्ही दोघीच निघालो. न्हावा शेवाच्या कंटेनरांमागे मी रखडत गाडी चालवत होते आणि आई पुढच्या सीटवर बसून होत्या. गावात निम्मी घरं जमीनदोस्त झालेली. आमच्या घराची कौलं, दारं, वासे लोकांनी काढून नेले होते. नुसत्या भिंती होत्या आणि आत भर दुपारचं ऊन पडलं होतं. भिंतीशी जमिनीचा एक तुकडा मात्र पांढरा होता. मी वाकून बोट लावलं. मीठ होतं.

आई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पलीकडच्या आळीत जेसीबी घरघरत होता. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नाही. मी त्यांचा हात घट्ट धरला.

“आनंदा,” त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, “आनंदा! चल.”

आतून उत्तर आलं असेल तर त्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. आईंना आलं असावं. त्या लाजल्या आणि वाट देऊन बाजूला झाल्या.

येताना त्या पुढे बसल्या नाहीत. मागे, अगदी दाराला चिकटून बसल्या. मी आरशात बघायचं टाळलं.

किल्लीने दार उघडलं. बाबा सोफ्यावरून उठले. कोणी न सांगता ते उठले, हे पहिल्यांदाच. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि मान लववली. अंगावरची शाल काढून नीट घडी करून ठेवली.

आई आत सरकल्या. बाबांकडे त्यांनी बघितलंही नाही.

“बरं,” ते मला म्हणाले, “येतो मी.”

ते अनवाणीच बाहेर गेले आणि लिफ्टपाशी थांबले. लिफ्ट आली, उघडली, मिटली. ते आत गेले नाहीत. वळून माझ्याकडे बघत राहिले. दीपेशचे डोळे, दीपेशची हनुवटी. इतके महिने मीच वाढून जेवू घातलेलं माणूस. माझा जीव तुटला. मी हाक मारायला तोंड उघडलं.

“दार लाव, पूर्वी,” आतून आई म्हणाल्या. “आपली सगळी आली.”

मी दार लावलं. मग वरची कडीही घातली.