अर्थलहर

त्या काळात पेशंट शुद्धीवर आहे का, असं कोणी विचारत नसे. 'लहर उठते का?' एवढंच विचारत. मलखांब शिकवणारे रंगनाथ पाटसकर सर साताऱ्याच्या इस्पितळात हेच विचारून विचारून थकले होते. अपघातानंतर त्यांचा मुलगा निहार उघड्या डोळ्यांनी नुसता पडून होता. आज लहर उठली नाही, तर नियमाप्रमाणे श्वासाचं यंत्र काढणार होते.

"सुरुवात बेडकापासून झाली," डॉ. शबाना तांबोळी म्हणाल्या. "बेडकापुढे मेलेल्या माश्यांचा ढीग ठेवा, मेंदू ढिम्म. एक माशी हलली, की विजेची लहर उठते. डोळ्यांना सगळंच दिसतं हो, पण मेंदू दखल घेतो ती जिवाशी संबंध असलेल्या गोष्टीची. ती अर्थलहर. पुढे माणसातही सापडली."

निहारला सगळं दाखवून झालं होतं. त्याची गिटार, मित्र, गेलेल्या आईचा व्हिडिओ. मेंदूची लहर दाखवणारी पडद्यावरची रेघ सरळच राहिली. सर मात्र उशाशी हूं की चूं न करता बसून असत. दुखणाइताजवळ हालचाल नको, हा त्यांचा शिरस्ता.

"सर, मेलेल्या माशीसारखे बसू नका," डॉक्टर हसून म्हणाल्या. "शिकवताना चालता, तसे या बघू."

सर दारापाशी गेले. हात पाठीमागे बांधून, छाती काढून, मलखांबावरून घसरलेल्या पोराकडे जावं तसे खाटेकडे आले. रेघ ताडकन उसळली.

"ओळखलं पोरानं मला," सरांना रडू आवरेना.

डॉक्टर पडद्याकडेच बघत होत्या. "सर, बेडकात लहरी दोन. एक भक्ष्य दिसलं की. दुसरी, मोठी सावली अंगावर चालून आली की. पळून जाण्याची."

यातली कुठली, हे सरांना कळलं. त्यांना वेताची छडी आठवली, श्वास रोखून उभा असलेला निहार आठवला, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते पुन्हा दारापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि हात पसरून तसेच सरकत खाटेपाशी आले. रेघ हलली नाही.

"यंत्र काढणार?"

"नाही. नियमाला कुठलीही लहर चालते. रोज उठवत राहिलो, तर कदाचित तो जागा होईल."

"रोज... तसंच चालत यायचं?"

"तसंच."

सर खाटेचा कठडा धरून उठले. डोळे पुसले, दारापर्यंत परत गेले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.