बदाम्याचे दहा दिवस

“ते नका घेऊ.”

रतननं पिल्लू उचलून छातीशी धरलं, तोच मागून आवाज आला. तिनं वळून पाहिलं. मेंढ्यांच्या वाड्यात, कोवळ्या उन्हात, एक सडपातळ तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हातात लस टोचायची सुई, आणि केसांत मेंढीची लोकर अडकलेली.

“का? तुमाला पायजे का?” रतननं विचारलं.

“मला नको. पण पोट बघा त्याचं. गुबगुबीत नाही ते, जंत झालेत.”

रतननं ओठ आवळले. एकाहत्तर सालच्या त्या थंडीत सोनईच्या शिवारात लांडगे माजले होते. पंधरवड्यात तिच्या वस्तीवरची दोन करडं गेली होती. म्हणून छगन धनगराच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली हे कळताच ती पहाटेच निघून आली होती. आणि आता हा कोण कुठला तिला शिकवत होता!

“मग तुमीच सांगा, कसं निवडायचं ते.”

त्यानं खरंच सांगितलं. उकिडवा बसून एकेक पिल्लू तिच्यापुढं धरलं. डोळ्यांत चिपाडं नकोत, हिरड्या गुलाबी हव्यात, कानाला वास नको. ती डोळे बघत होती… पिल्लाचे कमी, त्याचेच जास्त. मग त्यानं छगनची जर्मलची थाळी उचलली आणि पिल्लांच्या मागं दाणकन आपटली. पिल्लं चहूकडं पळाली. रतननं उचललेलं ते आईच्या पोटाखाली शिरलं. बदामी रंगाचं एक मात्र चार पावलं पळून थबकलं, मागं फिरलं आणि थाळी हुंगायला लागलं.

“हे घ्या. भ्यायलं तरी परत बघायला आलं. राखणीला असंच लागतं. पण अजून पंधरा दिवस आईजवळ राहू द्या. मग ढोरांच्या दवाखान्यात घेऊन या, जंताचं औषध देतो.”

“एवढं सारं सांगितलंत, नाव न्हाई सांगितलं.”

“कुत्र्याचं?”

“तुमचं!”

तो एकदम गोंधळला. “गोरक्ष,” म्हणाला, आणि हातातली सुई उगीचच पुसायला लागला. रतनला हसू आवरेना.

पंधरा दिवसांनी बदाम्या वस्तीवर आला आणि रतनच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. कधी जंताचं औषध, कधी खरजेसाठी गंधक आणि तेल, कधी कानातली गोचीड. एकदा तर ती नुसतंच विचारायला आली, बदाम्याला ताक चालतं का म्हणून.

“मागच्या आठवड्यात हेच विचारलं होतं तुम्ही,” गोरक्ष म्हणाला.

“मंग? इसरलं आसंल मानूस.”

“चालतं. भाकरी कुस्करून द्या. फक्त हाडं देऊ नका, घशात बसतात.”

रतननं मान हलवली, आणि दोन कोस आलेली वाट गुणगुणत परत चालली.

चैत्रात गावची जत्रा झाली. घरोघरी मटण शिजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रतन गोठ्यात गेली आणि जागीच थिजली. बदाम्या खुंट्याजवळ उभा होता. तोंड उघडं, लाळेच्या तारा लोंबताहेत, पुढच्या पायानं तो सारखा जबडा ओरबाडत होता. तिनं पाणी पुढं केलं, तर त्यानं भांड्यात नाक घातलं आणि किंचाळून मागं सरला.

“पिसाळलं!” रतनचे वडील सूर्यभान दारातूनच ओरडले. “रतन, मागं हो!”

महिन्यापूर्वीच एक पिसाळलेलं कुत्रं शिवारातून गेलं होतं. शेजारच्या आबासाहेबांचं वासरू त्याच्या चाव्यानं हंबरून हंबरून मेलं होतं. घटकाभरात वस्तीवर सात-आठ माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात काठी.

“दादा, मी दवाखान्यातून येईस्तोवर कुनाला हात लावू देऊ नका. शपथ हाय तुमाला!” रतन वडलांना म्हणाली.

ती धावतच सुटली. डॉक्टर नेवाशाला गेलेले. एकटा गोरक्ष होता. तिचं निम्मंअर्धं बोलणं ऐकूनच त्यानं सायकल काढली. “कॅरिअरवर बसा.”

“आं? लोक काय म्हनतील?”

“लोक आत्ता काठ्या घेऊन तुमच्या गोठ्यापुढं उभे आहेत.”

रतन बसली. वाटेत खड्डा आला की तिची मूठ त्याच्या सदऱ्याला घट्ट धरायची, आणि खड्डा गेला तरी सुटायची नाही.

गोरक्षनं कुत्र्याला पोत्यात गुंडाळलं, दोघांना धरायला लावलं, जबड्यात आडवं लाकूड घातलं आणि वाकून आत पाहिलं.

“हाड आहे. टाळूला, दोन दाढांच्या मध्ये आडवं बसलंय.”

चिमट्यानं त्यानं ते ओढलं. कट्कन आवाज झाला, हाड सुटलं, लाकूडही निसटलं… आणि बदाम्याचा दात त्याच्या मनगटावरून ओरखडत गेला. रक्ताची बारीक रेघ उमटली.

बदाम्या घटाघटा पाणी प्याला. माणसं हसायला लागली. सूर्यभान खाली बघत म्हणाले, “रात्री म्याच टाकलं हुतं हाड.” गोरक्ष मात्र हसला नाही. तो साबणानं मनगट धूत बसला, कितीतरी वेळ. रतननं पाणी ओतता ओतता विचारलं, “हाड निघालं ना? मंग?”

“हाड निघालं. पण ते पिसाळलेलं कुत्रं ह्याला चावलंच नसेल, असं कोण सांगणार? दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवस नीट राहिलं, तर भ्यायचं कारण नाही.”

“आन् न्हाई ऱ्हायलं तर?”

गोरक्षनं पुन्हा साबण हातात घेतला.

गोरक्षला पोटात इंजेक्शनं सुरू झाली, रोज एक. सकाळी एस.टी.नं नेवाशाला जायचं, संध्याकाळी सायकलवर वस्तीवर यायचं. “आज कितवं?” रतन विचारायची. “चौथं. तुमचा पेशंट काय म्हणतो?” ती ताट वाजवून दाखवायची, बदाम्या उड्या मारायचा, आणि मगच तिच्या हातून चहाची कपबशी पुढं यायची. हसून बोलायची ती. पण रोज उजाडायच्या आत उठून आधी कुत्र्यापुढं पाणी ठेवायची, आणि ते पिताना जिभेचा लपलप आवाज कानात साठवून घ्यायची.

सातव्या दिवशी बदाम्यानं भाकरीला तोंड लावलं नाही.

दुपारीही नाही. संध्याकाळी सायकलची घंटा वाजली तशी ती बांधापर्यंत धावत गेली.

“खात न्हाई तो… सकाळधरनं काईच न्हाई…”

गोरक्षचा चेहरा उतरला. तो हळूहळू खुंट्याजवळ गेला. बदाम्यानं झोपल्या जागेवरून शेपटी हलवली. गोरक्षनं दुरूनच त्याचं पोट न्याहाळलं, मग शेजारी बांधलेल्या शेळीकडं बघितलं. तिच्या कुशीत ओलं, लटपटतं करडू उभं होतं.

“शेळी कधी व्याली?”

“आज पहाटंच. का?”

“व्याल्यावर पडलेली वार कुठं पुरली?”

“पुरली…?” रतननं दादांकडं पाहिलं, दादांनी तिच्याकडं. कुणीच पुरली नव्हती.

“मग कशाला खाईल भाकरी? सकाळीच जेवण झालंय त्याचं!”

सूर्यभान असे मोठ्यानं हसले की करडू दचकलं. रतननं पदर तोंडाशी दाबला आणि घरात निघून गेली.

दहाव्या दिवशी गोरक्ष दिवस असतानाच आला. कोरडी जमीन तापली होती, बांधावरच्या निंबाला मोहर आला होता. बदाम्या त्याला बघून साखळीसकट नाचला. गोरक्षनं स्वतःच्या हातानं साखळी सोडली.

“नेवाशाचे डॉक्टर म्हणाले, बास. उद्यापासून इंजेक्शन बंद.”

बदाम्या सुसाट रानात पळाला. रतन त्याच्याकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“अहो… कुत्रं ठणठणीत आहे तुमचं! आता कशाला रडता?”

“इतके दिस रडायचं भ्या वाटत हुतं.” तिनं नाक ओढलं. “आन् कुत्र्यासाठी कोन रडतंय?”

सायकलच्या मुठीशी चाळा करत गोरक्ष म्हणाला, “एक सांगू? आमचे डॉक्टर म्हणाले होते, रोज कुत्रं बघायला जायची गरज नाही. वस्तीवरनं निरोप आला तरी चालेल.”

“मंग?”

“मी निरोपाची सोयच केली नाही.”

“मला म्हाईत हाय,” रतन डोळे पुसत म्हणाली. “तिसऱ्याच दिशी दादा डॉक्टरांना इचारून आले हुते.”

“आणि तरी रोज चहा दिलात?”

“मंग काय उपाशी धाडायचं?”

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “रविवारी बेलापूरहून आई येतेय. तिला… इकडं घेऊन येऊ?”

रतननं मान खाली घातली. ओठांवरचं हसू काही केल्या दडेना.

“या घेऊन. पन आधी त्यांना सांगा, मी कुत्रं सोडून येनार न्हाई.”

“सांगितलंय,” गोरक्ष म्हणाला. “पहिल्यांदा तेच सांगितलंय.”