पाइपातलं उत्तर

पटो न पटो, हे घडलेलं आहे. छायाताईंनी स्वतः सांगितलंय, आणि त्या उगाच बाता मारणाऱ्यांतल्या नाहीत.

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. सायखेड्यातलं घर. आणि रात्र नव्हती हो, भरदुपार होती!

त्यांच्या वडिलांचं पित्तर होतं. पुंजाराम नाना चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत बचाव पथकात होते. आग लागली, छत कोसळलं, की सगळे बाहेर पळायचे आणि नाना आत जायचे.

अडकलेला माणूस आतून पाइपावर दगड ठोकतो. बचाववाला उलट ठोकतो. म्हणजे, आम्ही येतोय.

"उत्तर दिलं की जायचंच," नाना म्हणायचे.

एकदा त्यांनी उत्तर दिलं... आणि हुकूम आला, आग वाढलीय, बोगदा बंद करा. भिंत पुरी होईपर्यंत आतून ठोके येत होते.

त्यानंतर नानांनी आयुष्यात दाराची कडीसुद्धा वाजवली नाही. बाहेरून हाक मारायचे.

तर त्या दुपारी पाहुणे जेवून गेले. वीज नव्हती, मोटर बंद. छायाताई मोरीत भांडी घासत होत्या.

टक... टक... टक...

बोअरवेलच्या पाइपातून. खालून, जमिनीतून.

छायाताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. नाना असतील तर? अडकले असतील, आणि पोटच्या पोरीनं गप्प बसायचं?

त्यांनी उलथनं उचललं.

मागून आईनं, चतुराबाईंनी, मनगट धरलं.

"नको गं! तुझे नाना न्हाईत ते. ती आतली माणसं हायेत. उत्तर दिलंस तर तुला जावं लागंल!"

ठोक्यांची घाई वाढली. छायाताईंना रडू आवरेना.

आणि मग...

वरून, गच्चीवरच्या टाकीपाशी, कुणीतरी पाइपावर उलट ठोकलं.

सावकाश. ठाम.

गच्चीवर कुणीच नव्हतं.

खालचे ठोके थांबले. जिन्यावर जड बुटांचा आवाज आला. तो मोरीपर्यंत आला... दोघींच्या मधून गेला... आणि फरशीखाली खोल खोल उतरत राहिला.

"गेले," चतुराबाई म्हणाल्या.

छायाताई अजूनही दुपारी पाइपाला कान लावतात. नाना आत गेले, एवढं त्यांनी कानांनी ऐकलंय.

परत वर येताना मात्र अजून कुणी ऐकलेलं नाही.