आईच्या बाजूला

पटणार नाही, माहीत आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही अर्ध्यात सोडलं असतं. पण हे आमच्या घरात घडलंय, सदाशिव पेठेत. आणि अजून घडतंय.

रात्र नव्हती. अशा गोष्टीत रात्र लागते. माझ्याकडे नाही.

सकाळ होती, बाबांच्या दहाव्याची. ओंकारेश्वराच्या घाटावर कडक ऊन.

पिंड मांडला. सगळे मागे सरकले. कावळे झाडावर होते, भरपूर...

एकही उतरला नाही.

शेजारच्यांच्या पिंडाला शिवत होते. आमच्या नाही.

काका हात जोडून एकेक इच्छा आठवू लागले. पुस्तकं वाचनालयाला देऊ. वहिनींना जपू. ऋचाचं लग्न करू. (ऋचा म्हणजे मी. माझी चाळिशी उलटली आहे.)

काही नाही.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिवून घेऊ. आई म्हणाली, "खऱ्याला पटत नाहीये, ते गवताच्याला कसं पटेल?"

घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते गेलेले नाहीत, एवढंच म्हणायची.

मला रडू येत नव्हतं. मी भांडी घासली. पुसली. परत घासली.

मग आठवलं.

बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी यकृताचा छोटा तुकडा संशोधनाला दिला होता. शहराबाहेरच्या एका कंपनीत त्यातून पेशी वाढवत होते. ज्यांचं यकृत निकामी झालंय त्यांना त्या द्यायच्या, असा बेत. बाबा येईल त्याला सांगायचे, मी रिटायर झालो आणि माझं यकृत नोकरीला लागलं.

मी तिथे फोन केला. त्या पेशी सांभाळणारी प्रियदर्शनी म्हणून एक मुलगी बोलली. बाबा गेल्याचं सांगितलं. तिने तारीख विचारली. कागद चाळल्याचा आवाज आला...

"तुम्ही इकडे या," म्हणाली. "आईंनाही आणा."

पेशी काचेच्या बशीत सगळीकडे सारख्या पसरतात म्हणे. या पसरत नव्हत्या. बाबा गेले त्या दिवसापासून सगळ्या एका कडेला. बशी फिरवली, तरी त्याच कडेला. कपाट तिरकं असेल म्हणून कपाट बदललं. तरी.

"कुठल्या बाजूला?" आईने विचारलं.

प्रियदर्शनीने खिडकीबाहेर हात केला. शहराकडे.

"आज सकाळपासून मात्र हलायला लागल्यात," ती म्हणाली. "तुम्ही निघालात, तेव्हापासून."

पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. आई टेबलाच्या डावीकडे बसली होती. पेशी डावीकडे होत्या. मी आईला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं.

चहा आला. कुणी प्यायलं नाही. त्याच्यावर साय धरली.

आणि पडद्यावर... फुंकर घातली की साय सरकते ना, तशा...

आईकडे.

आई बराच वेळ बघत राहिली. मग बशीवर वाकली.

"अहो, पुरे आता."

आईने परवानगी मागे घेतल्याची सही केली, आणि प्रियदर्शनीने सगळ्या बशांत जंतुनाशक ओतलं. गोठवून ठेवलेल्या पेशींच्या नळ्याही काढून नष्ट केल्या. पडद्यावर सगळं थांबलं.

मला काहीतरी वाटायला हवं होतं.

घरी आईने गच्चीच्या कठड्यावर वरणभात ठेवला. कावळा आला. भाताकडे बघितलं. उडून गेला.

मी परत फोन केला. अजून कुठे आहेत का, विचारलं.

"एका पेशंटमध्ये," प्रियदर्शनी म्हणाली.

शेफाली. अमरावतीची, इथे आयटीत, वारज्याला राहणारी. मरायला टेकली होती. बाबांच्या पेशी दिल्या आणि ती उठून कामाला जायला लागली.

आईला सांगितलं. तिने ताटलीतला भात गार होऊ दिला. मग म्हणाली, "तिला काही करायचं नाही."

आणि जेवली.

पुढच्या आठवड्यात ती नाशिकला मावशीकडे निघाली. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी, महिनाभर राहायला. बाबांना तिच्या हातचंच लागायचं, त्यामुळे जाणं व्हायचंच नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली, मला हातही केला नाही. खूश होती.

दुपारी फोन वाजला.

"तुमच्या आई कुठे आहेत?" प्रियदर्शनी. मागे कुणीतरी कण्हत होतं.

मी सांगितलं.

"शेफालीला आत्ताच हॉस्पिटलमध्ये आणलंय. तिचं यकृत एका बाजूला ओढलं जातंय. औषध चालत नाहीये. त्यांना परत बोलवा. प्लीज."

आई संगमनेरला पोहोचली होती. परत ये, एवढंच मी म्हटलं. तिने का विचारलं नाही. उतरली, रस्ता ओलांडला, उलटी बस धरली.

एका फोनवर आई, दुसऱ्यावर प्रियदर्शनी.

नारायणगाव.

थोडं कमी.

मंचर.

पाणी प्यायली.

राजगुरुनगर.

चाकण...

झोपली.

आता शेफाली आमच्याकडेच राहते. वारजंही तिला लांब पडायचं, संध्याकाळी कूस दुखायची. आईच तिला घेऊन आली. सगळं सांगितलंय तिला. एकदा म्हणाली, "काकू, तुम्ही जाऊन या नाशिकले. मी पाहून घेईन."

"तुझ्यासाठी नाही गं थांबले," आई म्हणाली. "मला बस लागते."

रविवारी दुपारी शेफाली आतल्या खोलीत झोपते. आई स्वयंपाकघरातून गॅलरीत गेली की ती झोपेतच कूस बदलते. आई देवापाशी गेली की परत बदलते. आवाज येत नाही. चादर तेवढी सरकते.

सवय होते. मला झाली.

पावसाळा संपल्यापासून आईला खोकला आहे. वजनही उतरलंय. डॉक्टर छातीचा फोटो काढा म्हणतात. ती म्हणते, फोटोत मी चांगली येत नाही.

गेल्या रविवारी आई देवापाशी पोथी घेऊन बसली होती. खोकत होती. मी कपड्यांच्या घड्या घेऊन आतल्या खोलीत गेले.

शेफाली झोपली होती...

देवघराकडे पाठ करून.

तोंड माझ्याकडे.

मी कपडे खाली ठेवले. भिंतीला धरून सावकाश खिडकीपाशी गेले. थांबले.

चादर सरकली.